साहेब किती शिकलेत? नेत्याचा 'अल्पपरिचय' वाचायचा कसा

निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल दारात येऊन पडतो. पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो, दुसऱ्या पानावर 'अल्पपरिचय'. त्यात जन्मगाव, मग शिक्षण, आणि त्याखाली भूषवलेल्या पदांची लांबलचक यादी : माजी सरपंच, चेअरमन विकास सोसायटी, सभापती बांधकाम समिती, संचालक जिल्हा बँक, सदस्य जिल्हा नियोजन समिती. आपण शिक्षणाच्या ओळीवर थांबतो. वकील असेल तर मान डोलावतो, 'नववी पास' असेल तर हसतो आणि खालची यादी न वाचताच पुस्तिका रद्दीत टाकतो. माझं म्हणणं असं की माणूस कळतो तो त्या खालच्या यादीतून. ती पदं काय असतात, तिथे माणूस काय शिकतो आणि कोणत्या क्रमाने वर सरकतो, हे एकदा नीट समजून घेतलं तर अख्ख्या जिल्ह्याचं राजकारण बरंचसं उलगडतं.

आधी शिक्षणाचीच ओळ निकाली काढू.

आमदार किंवा खासदार व्हायला आपल्याकडे शिक्षणाची कसलीही अट नाही. विधानसभा आणि लोकसभेसाठी वय २५ पूर्ण हवं, विधान परिषद आणि राज्यसभेसाठी ३०, नाव मतदार यादीत हवं आणि अपात्रतेच्या कलमांत माणूस बसता कामा नये. घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात याची खंत बोलून दाखवली होती. कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला मोठमोठ्या पात्रता आणि कायदे करणाऱ्याला एकही नाही, हे त्यांना खटकत होतं. पण १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, हेही विसरून चालत नाही. तेव्हा मॅट्रिकची अट घातली असती तर बहुतेक शेतकरी, मजूर आणि जवळपास सगळ्या बायका उमेदवारीतून बाद झाल्या असत्या.

याची गंमत विधान परिषदेत दिसते. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर मतदारसंघाच्या आहेत. तिथे मत द्यायचं तर पदवीचं प्रमाणपत्र जोडून वेगळी नोंदणी करावी लागते. उमेदवाराला मात्र पदवीची अट नाही. म्हणजे दहावी नापास माणूसही पदवीधरांचा आमदार होऊ शकतो!

उलट ग्रामपंचायतीत अटी जास्त. महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी पास असायला हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर तो अपात्र. घरात शौचालय हवं, कराची थकबाकी नको, राखीव जागा असेल तर जात पडताळणी हवी. यांतली तिसऱ्या अपत्याची अट ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका सगळीकडे आहे, पण आमदाराला नाही. ज्यांनी ती अट घातली, त्यांनी स्वतःला तेवढं वगळलं.

हरियाणाने २०१५ साली याच्याही पुढे जाऊन पंचायत लढवायला सर्वसाधारण पुरुषांना दहावी, महिलांना आणि अनुसूचित जातीच्या पुरुषांना आठवी, अनुसूचित जातीच्या महिलांना पाचवी अशी अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात राजबाला खटल्यात ती वैध ठरवली. राजस्थानात अशीच अट होती, ती तिथल्या पुढच्या सरकारने २०१९ साली काढून टाकली. अशा अटींमुळे गावाचा कारभार सुधारतो असं मला वाटत नाही. ज्या बाईला तिच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तिला तुम्ही शिक्षा कशाची करता?

शिक्षण नसण्याला शिक्षा नाही, त्याबद्दल खोटं सांगण्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांपासून प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. विधानसभा-लोकसभेसाठी तो नमुना २६. त्यात गुन्हे आणि मालमत्तेसोबत सर्वोच्च शैक्षणिक अर्हता, संस्थेचं नाव आणि वर्ष लिहायचं असतं. मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघातल्या एका आमदाराने मैसूर विद्यापीठाची एमबीए पदवी असल्याचं लिहिलं होतं. ती नव्हती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवडणूक रद्दच ठरवली. कारकुनाची चूक झाली हा बचाव टिकला नाही. म्हणून आता अनुभवी मंडळी शपथपत्रात फार जपून लिहितात : 'एस.वाय.बी.ए. उत्तीर्ण', 'जुनी अकरावी', 'टी.वाय.ला प्रवेश'. कार्यअहवालात मात्र तेच 'उच्चशिक्षित' होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा, करमणूक होते.

अंजनीचा रावसाहेब

आता एक माणूस घेऊन हा सगळा प्रवास पाहू. मी आर. आर. पाटलांना घेतो, कारण त्यांच्या कारकिर्दीत जवळजवळ प्रत्येक पायरी दिसते आणि ती चढतानाची किंमतही.

रावसाहेब रामराव पाटील, जन्म १६ ऑगस्ट १९५७, गाव अंजनी, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. तासगाव म्हटलं की द्राक्षं आणि बेदाणे डोळ्यांसमोर येतात, पण अंजनी-सावळजचा हा पूर्वेकडचा पट्टा तेव्हा दुष्काळी. घरची परिस्थिती बेताची. सांगलीत शांतिनिकेतन महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजनेतून काम करत शिक्षण झालं. बी.ए. आणि पुढे एलएल.बी.

ही योजना पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला कदाचित नीट माहीत नसेल. विद्यार्थ्याने रोज काही तास संस्थेच्या शेतात, बागेत, ग्रंथालयात किंवा वसतिगृहात काम करायचं आणि त्या बदल्यात राहणं, जेवण, फी भागवायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ही पद्धत रुजवली आणि तिच्यातून शिकलेल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या मास्तर, फौजदार, बँकेचे मॅनेजर आणि पुढारी झाल्या. सांगलीचं शांतिनिकेतन उभं केलं प्राचार्य पी. बी. पाटलांनी. हेच ते पी. बी. पाटील, ज्यांच्या अध्यक्षतेखाली १९८४ साली राज्य सरकारने पंचायत राज्याचं मूल्यमापन करायला समिती नेमली. जिल्हा परिषदेचा विद्यार्थी घडवायला याहून चांगलं कॉलेज कुठलं मिळणार होतं?

१९७९ साली, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, आबा, म्हणजे हेच आर. आर. पाटील, सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले. वसंतदादा पाटलांची नजर या पोरावर पडली होती, हे सांगलीत आजही कुणीही सांगेल. १९९० पर्यंत ते जिल्हा परिषदेत होते. त्याच वर्षी तासगावातून पहिल्यांदा आमदार झाले आणि मग २०१४ पर्यंत ओळीने सहा वेळा निवडून आले.

अकरा वर्षं एकाच जिल्हा परिषदेत. हा आकडा पाहून वाटेल की दोन-तीनदा निवडून आले असतील. खरं कारण वेगळं. १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका वेळेवर घ्यायची इच्छा सरकारला झालीच नाही, पुढची निवडणूक थेट १९९२ साली झाली. मुदती वाढत गेल्या आणि सदस्य बसून राहिले. लोकशाहीच्या दृष्टीने हे वाईटच, पण एका तरुण सदस्याला त्यामुळे प्रशासन शिकायला पूर्ण दशक मिळालं.

काय शिकतो माणूस तिथे? जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा एकदा प्रेक्षक म्हणून बघण्यासारखी असते. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नवखा सदस्य इथे जांभई देतो. मुरलेला सदस्य इथेच उभा राहतो, कारण मागच्या सभेत तोंडी दिलेलं आश्वासन इतिवृत्तात आलं नसेल तर ते दिलंच नव्हतं असं होतं. शेवटचा विषय असतो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. दुपारचं जेवण झालेलं, अर्धे सदस्य गाडीकडे निघालेले, आणि ज्यावर भांडण होण्याची शक्यता होती तो ठराव इथून अलगद मंजूर होतो. पदवीच्या पुस्तकात हे नसतं.

मग पैशाचं गणित. ओढ्यावर एक साधी मोरी बांधायची आहे असं समजा. गावाने मागणी केली, सदस्याने पत्र दिलं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढे उपअभियंत्याने अंदाजपत्रक करायचं, तांत्रिक मान्यता घ्यायची, प्रशासकीय मान्यता घ्यायची, निविदा निघायची, कार्यारंभ आदेश द्यायचा, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हायची आणि मग बिल. यांतल्या कुठल्याही टेबलावर फाईल तीन महिने झोपू शकते. शिवाय पैसा कुठल्या हेडचा, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या आकड्याच्या खात्यातला? रस्त्याची दुरुस्ती ३०५४ मधून, नवा रस्ता ५०५४ मधून, गावातलं सभागृह किंवा काँक्रिटीकरण २५१५ मधून, बारीकसारीक कामं जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून. ३१ मार्चला पैसा परत जातो, म्हणून फेब्रुवारीत कुठला साहेब रजेवर जाणार आहे हेही माहीत असावं लागतं. ज्याला हे आकडे तोंडपाठ आहेत तो नववी पास असला तरी गावाचं काम करून आणतो. माहीत नसेल तर डॉक्टरेटवालाही फक्त निवेदनं देत राहतो.

१९६१ चा जिल्हा परिषद कायदा वसंतराव नाईक समितीच्या अहवालावर उभा राहिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, शेती, पशुसंवर्धन, समाजकल्याण, प्रत्येकाची विषय समिती, तिचा सभापती, त्याला दालन आणि गाडी. समोर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा तरुण आयएएस. ग्रामीण भागात हिला 'मिनी मंत्रालय' म्हणतात ते उगाच नाही. मंत्र्याला सचिवाशी जसं वागावं लागतं त्याची तालीम सभापतीला सीईओसमोर होते.

१९९९ साली आबा ग्रामविकास मंत्री झाले तेव्हा ही तालीम कामी आली. २०००-०१ मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. त्याआधी सरकार शौचालयाला अनुदान द्यायचं. लोक ते बांधायचे आणि आत सरपण नि गोवऱ्या रचून ठेवायचे. अभियानाने हिशेब उलटा केला. आधी गावाने आपल्या हिंमतीवर स्वच्छ व्हायचं, मग बाहेरच्या समितीने येऊन गुण द्यायचे, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पातळ्यांवर बक्षीस. शेजारच्या गावापेक्षा आपल्याला गुण कमी पडले ही गोष्ट महाराष्ट्रातल्या गावाला किती झोंबते, हे सावळज गटात दहा वर्षं हिंडलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. सरपंच, मास्तर, अंगणवाडीताई, सगळे हातात झाडू घेऊन पहाटे बाहेर पडले. पुढे २००३ साली केंद्राने निर्मल ग्राम पुरस्कार आणला. २००७ साली गृहमंत्री असताना आबांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिचाही साचा तोच : गावाने आपले तंटे गावात मिटवायचे आणि बक्षीस मिळवायचं.

जिथे गाव नव्हतं तिथे हीच शिदोरी अपुरी पडली, हेही सांगायला हवं. डान्सबारवर २००५ साली घातलेली बंदी त्यांना घराघरात प्रसिद्धी देऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ती २००६ साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. एलएल.बी. झालेल्या गृहमंत्र्याचा सर्वांत गाजलेला कायदा कोर्टात टिकला नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, हल्ल्याला किरकोळ ठरवणाऱ्या एका वाक्याने त्यांचं उपमुख्यमंत्रिपद गेलं. त्यांच्यापाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुखही पायउतार झाले. २००९ साली आबा पुन्हा गृहमंत्री झाले, गडचिरोलीचं पालकमंत्रिपद घेतलं, आणि १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कर्करोगाने गेले. वय ५७.

विलासरावांची सुरुवातही अशीच तळातली, घरची स्थिती मात्र भक्कम. पुण्यात पदव्या घेतल्या, आयएलएस लॉ कॉलेजात कायदा शिकले आणि १९७४ साली बाभळगावचे सरपंच झाले. त्याच काळात उस्मानाबाद जिल्हा परिषदेत आणि लातूर पंचायत समितीत. १९८० ला आमदार. म्हणजे २००४ ते २००८ या काळात राज्याच्या पहिल्या दोन खुर्च्यांवर एक माजी सरपंच आणि एक माजी जिल्हा परिषद सदस्य बसले होते, दोघेही वकिलीची पदवी घेतलेले.

वकिलीच का?

जुन्या नेत्यांच्या परिचयात एलएल.बी. इतकी वेळा का येते, असा प्रश्न पडतो. यशवंतराव चव्हाणांनी १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए. केलं, १९४१ ला पुण्यातून कायद्याची पदवी घेतली आणि कराडला वकिली सुरू केली. मधल्या काळात तुरुंगवास झाला होता, त्यामुळे मॅट्रिकच मुळात उशिरा, १९३४ ला. तेव्हा तालुक्याच्या गावी वकील हा एकच असा माणूस होता, ज्याच्याकडे कुळकायद्यापासून भाऊबंदकीपर्यंत सगळी रयत येई, ज्याचा वेळ त्याच्या हातात असे आणि ज्याला मामलेदारासमोर उभं राहून बोलता येई. ओळख, वेळ आणि जीभ, राजकारणाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी त्या धंद्यात आपसूक मिळत.

सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागले, काम करत शिकले, मुंबईत पोलीस उपनिरीक्षक झाले, १९७१ ला नोकरी सोडून राजकारणात आले आणि १९७४ साली करमाळ्यातून आमदार झाले. पुढे राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री.

आणि दुसऱ्या टोकाला वसंतदादा. पद्माळ्याचा हा माणूस शाळेत सातवीच्या पुढे फारसा गेला नाही. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडला. पुढे सहकारी साखर कारखाना उभारला, सहकारात पाय रोवले आणि मुख्यमंत्री झाला. याच वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. महाराष्ट्रातल्या मुलांना तोवर इंजिनिअर व्हायचं तर कर्नाटकात देणगी भरून जावं लागे. आज पुण्यात किंवा परदेशात बसून कोड लिहिणाऱ्या कित्येक मराठी इंजिनिअरांच्या पदवीमागे सातवी शिकलेल्या मुख्यमंत्र्याची सही आहे. त्या कॉलेजांचे मालक पुढे शिक्षणसम्राट म्हणवले गेले आणि फी, देणग्या, दर्जा यांची रड सुरू झाली, तो भाग वेगळा. पण 'शिक्षणमहर्षी' हे नवं पदही तेव्हापासून अल्पपरिचयात दिसू लागलं.

बाकीचे दरवाजे

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद हा एक रस्ता झाला. त्याला समांतर दुसरा रस्ता सहकाराचा : विकास सोसायटी, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, दूध संघ, जिल्हा मध्यवर्ती बँक, साखर कारखाना. सोसायटीचा चेअरमन होणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण पीककर्जाची यादी त्याच्या हातून जाते आणि सोसायट्यांचेच प्रतिनिधी बाजार समिती आणि जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मतदान करतात. म्हणून सोसायटीच्या तेरा जागांसाठी गावात विधानसभेपेक्षा जास्त चुरस असते. अजित पवारांची सुरुवात १९८२ साली साखर कारखान्याच्या संचालक मंडळातून झाली आणि १९९१ ला ते पुणे जिल्हा बँकेचे अध्यक्ष झाले. या रस्त्यावर माणूस ताळेबंद वाचायला शिकतो, ऊस कुणाचा आधी तोडायचा हे ठरवायला शिकतो आणि सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली की ती ८८ पर्यंत, म्हणजे नुकसान संचालकांकडून वसूल करण्यापर्यंत, जाऊ न देण्याची विद्याही शिकतो. यादीत 'माजी संचालक' दिसलं तर ती संस्था आज चालू आहे की अवसायनात, म्हणजे गुंडाळायला काढलेली, एवढं विचारावं.

शहरात रस्ता नगरसेवकपदाचा. देवेंद्र फडणवीस नागपुरात कायद्याची पदवी घेऊन १९९२ साली, बाविसाव्या वर्षी नगरसेवक झाले, १९९७ ला महापौर, १९९९ ला आमदार. एकनाथ शिंदे शिक्षण अर्धवट सोडून रिक्षा चालवत होते, १९९७ साली ठाण्यात नगरसेवक झाले, २००१ ला सभागृह नेते, २००४ ला आमदार, २०२२ मध्ये मुख्यमंत्री. त्यांनी बी.ए. पूर्ण केलं ते २०२० साली, मंत्री असताना, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. एकाने पदवी घेऊन सभागृह गाठलं, दुसऱ्याने सभागृहातून पदवी गाठली, आणि दोघांचीही खरी उमेदवारी महापालिकेतच झाली. महापालिकेत पाहायचं पद म्हणजे स्थायी समिती. बहुतेक महापालिकांत ती १६ जणांची असते, निविदा आणि अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं आणि दरवर्षी निम्मे सदस्य बदलतात. परिचयात 'सदस्य, स्थायी समिती' दोनदा आलं असेल तर पक्षात त्या माणसाचं वजन होतं असं समजायला हरकत नाही.

कॉलेजच्या निवडणुका हा एके काळचा मोठा दरवाजा. मारामाऱ्या आणि खुनापर्यंत गोष्टी गेल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यात त्या परत आल्या, त्या कागदावरच राहिल्या. त्यामुळे गेल्या तीस वर्षांत वर आलेला तरुण पुढारी वादविवाद मंडळातून आलेला नसतो. तो गणेश मंडळ, दहीहंडी, तालीम नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून आलेला असतो. दोष त्याचा नाही, आपणच तो दरवाजा बंद केला.

बायकांसाठी दरवाजा उघडला तो आरक्षणाने. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा. 'सरपंचपती'वर विनोद खूप होतात. पण अडचणीचं मूळ दुसरीकडेही आहे. आरक्षण फिरतं असतं. एखादी बाई पहिली दोन वर्षं दबकत काढते, तिसऱ्या वर्षी नमुना नंबर ८ म्हणजे घरपट्टीची नोंदवही स्वतः मागवून बघायला लागते, चौथ्या वर्षी वित्त आयोगाचा बंधित पैसा कशावर खर्च करता येतो आणि अबंधित कशावर, हे ग्रामसेवकाला ऐकवते, आणि पाचव्या वर्षी सोडतीत पद दुसऱ्या प्रवर्गाला जातं. पुरुषाला अशा वेळी सोसायटी असते, बाजार समिती असते, साहेबांच्या गाडीत पुढची सीट असते. तिला यातलं काहीच सहसा मिळत नाही, म्हणून तिचा अल्पपरिचय 'माजी सरपंच' या एका ओळीवर थांबतो.

ही पायरी चढायचीच नाही असं ठरवणारेही आहेत. हिवरेबाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. होऊन १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले आणि गावातच राहिले. पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवणारं गाव म्हणून हिवरेबाजार जगभर माहीत झालं. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. कारकीर्द म्हणजे वर सरकणं हे ज्यांनी गृहीत धरलंय, त्यांना हा परिचय वाचताना जरा अडखळायला होतं.

मधली तीन वर्षं

७३ व्या दुरुस्तीने पंचायतीची मुदत पाच वर्षांच्या पुढे न्यायची सोय बंद केली. आबांना मिळाली तशी अकरा वर्षांची टर्म आता कुणाला मिळणार नाही, हे योग्यच. पण निवडणूकच घेतली नाही तर काय? २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि अनेक मोठ्या महापालिकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश देईपर्यंत तीन वर्षं उलटली होती. पूर्वी निवडणूक लांबली की जुने सदस्य बसून राहत. आता लांबली की सभागृहच रिकामं होतं. सभापती नाही, सर्वसाधारण सभा नाही, इतिवृत्त नाही. विधान परिषदेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२ जागा आहेत, त्यांतल्या रिकाम्या झालेल्या जागाही भरता येईनात, कारण मत द्यायला सदस्यच नव्हते. या काळात कामं घेऊन लोक थेट आमदाराकडे गेले. मधली फळी शिकायची थांबली आणि आमदाराची ताकद वाढली.

आणि आमदार कोण? तासगाव-कवठेमहांकाळमध्ये आबांनंतर २०१५ ची पोटनिवडणूक आणि २०१९ सुमनताई पाटलांनी जिंकली. २०२४ साली मुलगा रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी निवडून आले, सभागृहातले सर्वांत तरुण आमदार. वडिलांना तिथे पोहोचायला जिल्हा परिषदेतली अकरा वर्षं लागली होती. रोहित यांची जिल्हा परिषद घरातच होती असं म्हणता येईल, आणि काही अंशी ते खरंही आहे. पण मोरीची फाईल कुठल्या टेबलावर अडते, हे स्वतः चपला झिजवून शिकणं आणि फोन केल्यावर कुणीतरी सांगणं यांत फरक पडतोच. हे एका मतदारसंघापुरतं नाही. तुमच्या तालुक्याच्या मागच्या दोन आमदारांचे परिचय काढा, पहिल्या पदाच्या जागी काय लिहिलंय ते पाहा.

ते पाहायचं कुठे? विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'मायनेता' या साइटवर असतात, शिक्षणाची ओळ तिथे सापडेल. पदांच्या यादीमागचं काम पाहायचं तर थोडी खटपट आहे. ज्या काळात तो माणूस सदस्य होता त्या काळातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत तीस दिवसांची. ग्रामपंचायतीचं तर त्याहून सोपं : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाऊन मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा एवढंच म्हणायचं. कोण किती सभांना हजर होता, कुठल्या विषयावर बोलला, कुठला ठराव आयत्या वेळी मांडला आणि सूचक-अनुमोदक म्हणून कुणाची नावं आहेत, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.